ढगात वही

आमच्या नंदुरबारात आभाळात ढग दिसला
की माणसं आधी ताडपत्री शोधतात.
पथारीवर मिरची वाळत असते, नजर जाईल तिथवर लाल,
एक सर आली तर रंग जातो,
आणि रंगामागे भाव.

म्हणून भाग्येश म्हणाला, काकू, सगळा हिशोब आता क्लाउडवर,
तेव्हा सुपडूआप्पांनी मान वर करून पंख्याकडे पाहिलं.
"ढगले भ्याईसन जलम गया,
आते वही ढगमाच ठेवानी?"

हसलो सगळे. पण जिन्याखालच्या त्या जुन्या डब्याला
मीच वीस वर्षं फडक्याने पुसत आलेली,
मिरचीच्या धुळीने त्याचा श्वास दर मोसमात अडकायचा,
तेव्हा जायला तर हवंच होतं.
मी एवढंच म्हटलं, आखाजीला जाऊ,
मार्केट थंड असतं, चुकलं तर निस्तरता येतं.
मुहूर्त निघाला दसऱ्यानंतरचा.
ऐन आवक. दारात ट्रकांची रांग.

इंदूरचा एक मोहता, आमच्या वहीत पाच जागी:
मोहता, मोहोता, मेहता इंदूरवाले, एम. ट्रेडर्स,
आणि नुसता "शेटजी (उंच)".
घर बदलताना अडगळ आधी भंगारात देतात.
आम्ही ती गाडीत भरून भाड्याच्या घरात नेली
आणि तिचंही भाडं भरत राहिलो.

पहिलं बिल आलं तेव्हा आप्पा दोनदा चष्मा पुसून वाचत बसले.
चाचणीसाठी सुरू केलेलं कुठलंसं मशीन
महिनाभर रात्रंदिवस चालू,
मळ्यात विसरलेल्या मोटारीसारखं,
पाणी कुठे गेलं ते कोणालाच ठाऊक नाही.

आणि मग तो गुरुवार.
चौदा ट्रक काट्यावर, पावती निघेना,
पडदा म्हणतो, मोबाईलवर आलेला आकडा टाका.
मोबाईल भाग्येशचा. भाग्येश तोरणमाळला,
मित्राच्या साखरपुड्याला.
"तठे रेंज नही शे," ड्रायव्हर म्हणाला,
आणि शांतपणे तंबाखू मळायला लागला.

सगळ्या कुलपांची किल्ली एकाच माणसाच्या खिशात,
आणि तो खिसा सातपुड्यावर.

त्या दिवशी दुकान चालवलं ते काट्यावरच्या उखाने.
नवं काय येतंय, त्याला कोणी विचारलं नव्हतं,
शिकवायचं तर राहिलंच.
त्याने काट्याच्या फळीखालून चौकडीची वही काढली,
पेन्सिल कानामागची,
आणि चौदाच्या चौदा वजनं लिहिली, शून्य न चुकवता.
संध्याकाळी जामकीबाईने पोती मोजली. बरोबर.

रात्री मी विचारलं, बॅकअप आहे ना?
आहे, आहे, फोनवरून भाग्येश.
उघडून पाहिलायस कधी?
बराच वेळ नुसती खरखर. रेंज गेली असेल, किंवा नसेलही.

आमच्याकडे बी डब्यात जपून ठेवलं म्हणून
कोणी थेट पेरत नाही.
दहा दाणे ओल्या फडक्यात बांधतात, तीन दिवस थांबतात,
किती फुटले ते मोजतात.

तसं मग आम्ही केलं.
आधी फक्त उधारीची वही वर पाठवली,
महिनाभर खालची आणि वरची शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिली.
चार मोहता पुसले, एक ठेवला. उंच शेटजी पुसताना जरा वाईट वाटलं.
किल्ली आता तिघांकडे:
भाग्येश, मी, आणि उखा,
ज्याने आयुष्यात पहिल्यांदा पासवर्ड ठेवला
आणि तो काय, हे मला अजून सांगितलेलं नाही.
हेही मी त्याला शिकवलं होतं.

रात्री दहाला मशीन झोपवायचं, हे भिंतीवर लिहिलंय,
खडूने, कारण खडू दिसतो.

आप्पा रोज सकाळी आत येतात, चप्पल काढतात,
खुर्चीत बसायच्या आधी विचारतात,
"आज ढग कशा शे?"
मी आधी खिडकीतून बाहेर बघते,
मग पडद्याकडे,
आणि म्हणते, दोन्हीकडे ठीक आहे, आप्पा.
ताडपत्री तरी दाराशीच असू द्या.